ताकदीच्या गोळ्या देण्याआधी

घरात पंच्याऐंशी-नव्वदीचं माणूस असलं, की औषधांच्या डब्यात ‘ताकदीच्या’ गोळ्यांचा एक कप्पा हमखास तयार होतो. मल्टिव्हिटॅमिनची कॅप्सूल, कुणीतरी सुचवलेली बी-१२ची गोळी, लेकीने अमेरिकेहून आणलेली ओमेगा-३ची बाटली, शेजारणीने सांगितलेलं ब्राह्मीचं सिरप आणि निम्मा संपून तसाच राहिलेला प्रोटीन पावडरचा डबा. हे सगळं मायेपोटी आलेलं असतं. आई दिवसभर पडून असते, बाबांना सकाळी कोण येऊन गेलं ते संध्याकाळी आठवत नाही, हे पाहवत नाही. काहीतरी करायला हवं असं वाटतं आणि त्यातल्या त्यात सोपं काय, तर एक गोळी सुरू करणं.

या गोळ्यांपैकी काहींचा खरोखर उपयोग होतो, आणि ज्याला होतो त्याच्यात दोन-तीन महिन्यांत डोळ्यांना दिसेल असा फरक पडतो. पण त्यासाठी एक अट आहे. शरीरात त्या घटकाची उणीव असायला हवी. उणीव असेल तर ती भरून काढल्याने माणूस उभा राहतो. उणीव नसेल तर तीच गोळी फार तर पैसे वाया घालवते आणि कधीकधी अपायही करते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी कारण शोधायचं, मग भर घालायची.

‘वय झालं’ हे निदान नाही

वयाबरोबर माणूस थोडा मंदावतो, हे खरं. नाव आठवायला वेळ लागतो, दुपारी डुलकी लागते, बाजारात जाऊन आल्यावर बसावंसं वाटतं. मात्र तीन-चार महिन्यांपूर्वी स्वतः आंघोळ करणारी आजी आता बादलीपर्यंत जायलाही नको म्हणत असेल, रोज पेपर वाचणारे आजोबा मथळ्यावरच थांबत असतील, तर तो बदल वयाच्या खात्यावर टाकू नका. वय एका तिमाहीत इतकं वाढत नाही.

बदल किती वेगाने आला, हे सर्वांत आधी बघा. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत माणूस अचानक गोंधळला, असंबद्ध बोलू लागला, रात्री उठून भलतीकडे चालू लागला किंवा उलट गुंगीत पडून राहिला, तर ती तातडीची बाब आहे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं सोडियम घटणं, साखर एकदम उतरणं, तुंबलेली लघवी, पडल्यानंतर मेंदूत झालेला रक्तस्राव, पक्षाघात यांपैकी काहीही असू शकतं. वृद्धांमध्ये संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. चेहरा वाकडा होणं, हातातली ताकद जाणं, जीभ जड होणं यांपैकी काही दिसलं तर एक तासही थांबायचं नाही.

पुढे ज्या पूरक पोषणाची चर्चा केली आहे, ती आठवडे-महिन्यांमध्ये हळूहळू आलेल्या थकव्यासाठी आणि मंदपणासाठी आहे.

नवी गोळी आणण्याआधी जुन्या गोळ्या तपासा

नव्वदीच्या माणसाला दिवसाला आठ-दहा गोळ्या असणं आता सर्रास दिसतं. रक्तदाबाचे एक डॉक्टर, साखरेचे दुसरे, हाडांचे तिसरे, आणि कुणाची गोळी कधी बंद करायची होती हे कुणालाच माहीत नाही. थकव्याचं आणि विसरभोळेपणाचं मूळ बऱ्याचदा या डब्यातच सापडतं.

झोपेसाठी वर्षानुवर्षं चालू असलेल्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या दुसऱ्या दिवशीही डोकं जड ठेवतात आणि तोल घालवतात. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, मुंग्यांसाठी किंवा झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन ही औषधं स्मरणशक्तीला लागणाऱ्या रासायनिक संदेशांमध्ये अडथळा आणतात. वृद्धांमध्ये शक्यतो टाळावयाच्या औषधांची ‘बीअर्स’ यादी अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध करते. ही सगळी नावं तिच्यात आहेत. रक्तदाबासाठी दिलेल्या काही लघवीच्या गोळ्यांनी सोडियम घटतं आणि माणूस सुस्त, गोंधळलेला होतो. साखरेच्या ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तशाच चालू आणि जेवण मात्र निम्म्यावर आलेलं, अशा वेळी साखर उतरून चक्कर, घाम आणि भ्रम होतो.

यांतली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. झोपेच्या गोळ्या तर एकदम थांबवल्या तर धोकाच असतो, त्या हळूहळू उतरवाव्या लागतात. करायचं ते इतकंच: सगळ्या गोळ्या, सिरपं, चूर्णं, डोळ्यांतले थेंबसुद्धा एका पिशवीत भरा आणि नेहमीच्या डॉक्टरांपुढे ओता. ‘यातलं आज काय नको?’ हा प्रश्न विचारा. कितीदा तरी एक गोळी कमी केल्यावर माणसाला जी हुशारी येते, ती चार गोळ्या वाढवून येत नाही.

कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात

महागडी ‘फुल बॉडी’ पॅकेजं लागत नाहीत. थकवा आणि विस्मरण यांच्यासाठी डॉक्टर सहसा पुढच्या तपासण्या सांगतात: संपूर्ण रक्तगणना, बी-१२, थायरॉइडची टीएसएच, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, कॅल्शियम, गरजेनुसार फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व, आणि लघवीची साधी तपासणी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी रक्त द्या, कारण नंतर आकडा वाढलेला दिसतो आणि मूळ उणीव होती की नाही ते कळत नाही. दुसरं, केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिन चालू असेल तर प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना आधी सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचे निकाल चुकू शकतात.

रक्ताबरोबर वजनही बघा. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात प्रयत्न न करता वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं अडीच किलोंपेक्षा अधिक, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगण्यासारखं आहे. वजनकाटा नसेल तर बांगड्या सैल झाल्या का, धोतर-पायजमा कंबरेला घसरतो का, कवळी हलू लागली का, यावरूनही कळतं.

मनाची विचारपूसही तपासणीचाच भाग आहे. जोडीदार गेल्यावर, मित्र एकेक करून गेल्यावर येणारं नैराश्य म्हातारपणी रडण्यातून दिसेलच असं नाही. ते ‘जेवावंसं वाटत नाही’, ‘उठावंसं वाटत नाही’, ‘काही लक्षात राहत नाही’ अशा तक्रारींतून बोलतं. त्याच्यावर उपचार आहेत आणि ते नव्वदीतही लागू पडतात.

बी-१२: आपल्याकडची खरी उणीव

सगळ्या पूरकांमध्ये महाराष्ट्रातल्या वृद्धांसाठी सर्वांत महत्त्वाचं कोणतं, असं विचारलं तर उत्तर बी-१२ हेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या त्यांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण त्याहूनही जास्त होतं.

कारण सरळ आहे. बी-१२ फक्त प्राणिज पदार्थांत मिळतं: मांस, मासे, अंडी आणि काही प्रमाणात दूध-दही. भाजी, डाळी, फळं यांत ते नसतं. स्पिरुलिनासारख्या शेवाळातलं बी-१२ शरीराला फारसं वापरता येत नाही. त्यात म्हातारपणाची भर पडते. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते वयानुसार घटतं. पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर ते आणखी घटतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही बी-१२ उतरतं. शाकाहारी, मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि रोज सकाळी पित्ताची गोळी खाणाऱ्या ऐंशीपुढच्या व्यक्तीमध्ये उणीव असण्याची शक्यता मोठी आहे.

लक्षणं अशी: थकवा, तळपायांना मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं, जीभ लाल आणि झोंबणारी, चिडचिड, विस्मरण. हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही मज्जातंतूंवर परिणाम झालेला असू शकतो, म्हणून ‘रक्त चांगलं आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. रक्तातली पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उणीव नक्की समजतात. २०० ते ३०० मध्ये असेल आणि लक्षणंही असतील तर डॉक्टर होमोसिस्टिन किंवा मिथिलमॅलोनिक आम्लाची तपासणी सांगतात किंवा थेट उपचार सुरू करतात.

उपचार स्वस्त आहे. मज्जातंतूंची लक्षणं असतील तर सुरुवात बहुधा इंजेक्शनने होते. इतरांना रोज १००० मायक्रोग्रॅमची तोंडी गोळीही पुरते. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना एवढी मोठी मात्रा का, असं वाटेल. शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का भाग आतड्यातून आपोआप झिरपतो, आणि तेवढा पुरेसा असतो. थकव्यात काही आठवड्यांत फरक जाणवतो. मुंग्या आणि तोल सुधारायला महिने लागतात, आणि फार जुनी इजा पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणूनच उशीर नको. कारण कायमचं असेल, तर गोळीही कायमची लागते. ‘कोर्स झाला’ म्हणून ती सोडू नका.

एक सावधगिरी. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक आम्ल देत राहिलं, तर रक्त सुधारतं पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. आणि मुंग्यांवर मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा बी-६ही असतं. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात. कॅप्सूलच्या मागची यादी वाचा.

लोह आणि ड जीवनसत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांमध्ये १३ आणि स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. नव्वदीच्या माणसाला लोहाची कमतरता निघाली तर गोळी लिहून थांबायचं नसतं. लोह गेलं कुठे हे विचारायचं असतं. सांधेदुखीच्या गोळ्यांनी किंवा ॲस्पिरिनने जठरात झालेली जखम, मूळव्याध, आतड्यातली गाठ यांतून नकळत रक्त जात असू शकतं. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होत असेल तर लगेच सांगा. लोहाच्या गोळीनेही शौचाचा रंग काळा होतो, म्हणून ती सुरू करण्याआधीच हे विचारून घ्या.

लोह चहाबरोबर देऊ नका, चहात ते अडकतं. लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर चांगलं शोषलं जातं. बद्धकोष्ठ होत असेल तर दिवसाआड घ्यायची मुभा डॉक्टरांना विचारा. कमतरता नसताना लोह देऊ नये, ते शरीरात साचतं.

ड जीवनसत्त्वाची उणीव घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांमध्ये खूप आहे. मांड्यांतली ताकद जाणं, खुर्चीतून उठताना त्रास, हाडं दुखणं ही त्याची चिन्हं. ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी आता घराघरांत माहीत झाली आहे, आणि तिथेच धोका आहे. ती ठरावीक आठवड्यांसाठी असते. ‘चांगलं वाटतंय’ म्हणून कुणी वर्षभर दर आठवड्याला घेतं, कुणी आठवड्याची पुडी रोज घेतं. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, तहान, बद्धकोष्ठ, मळमळ आणि भ्रम सुरू होतो, मूत्रपिंडं बिघडतात. म्हणजे ज्या सुस्तीसाठी औषध आणलं, तीच सुस्ती औषधाने येते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा मोठा डोस देऊन पाहिला गेला. २०१० मध्ये निकाल आला, तेव्हा त्या स्त्रिया इतरांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. या वयात रोज ८०० युनिटच्या आसपासची लहान, नियमित मात्रा बहुतेकांना पुरते. मोठे डोस तपासणी आणि मुदत ठरवूनच.

सर्वांत मोठी उणीव ताटात असते

थकलेल्या वृद्धांमध्ये सगळ्यांत जास्त दुर्लक्षित घटक म्हणजे प्रथिनं. दात गेले, चव गेली, भूक गेली, की ताट हळूहळू बदलतं. चहा-बिस्किट, पेज, वरणाच्या पाण्यात कालवलेला मऊ भात, रात्री दूध-पोळीचे चार घास. पोट भरतं, पण स्नायूंना लागणारी प्रथिनं जेमतेम निम्मीच जातात. मग दंड-मांड्या आटतात, उठवेनासं होतं, उठत नाही म्हणून स्नायू आणखी आटतात.

या वयात रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं वृद्धपोषणाचे तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या आजींसाठी हे पन्नास ते साठ ग्रॅम झाले. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. बाकीच्यांना तो आपल्याच स्वयंपाकघरात गाठता येतो. पेलाभर दुधात साधारण ६ ग्रॅम, चाळीस ग्रॅम मूगडाळीच्या मऊ धिरड्यांत ९, वाटीभर घट्ट वरणात ७, मोठ्या वाटीभर दह्यात ५, एका उकडलेल्या अंड्यात ६, वाटीभर पिठल्यात ६, दोन चमचे शेंगदाण्याच्या कुटात ४ ग्रॅम प्रथिनं असतात. एका पोळीत किंवा भाकरीत तीनेक ग्रॅम मिळतात. हे दिवसभरात वाटून दिलं आणि रात्री अर्धा पेला दूध वाढवलं की पन्नाशी गाठली जाते.

सवयी अशा बदला. वरण घट्ट करा, वरचं पाणी नको. भातापेक्षा आधी प्रथिनं वाढा, म्हणजे भूक संपण्याआधी ती पोटात जातात. पेजेत मूगडाळ शिजवा. नाचणीची आंबील ताकात करा. पनीर किसून उपम्यात मिसळा. मांसाहार चालत असेल तर काटे काढलेल्या मऊ माशाचं कालवण द्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान खाणी द्या. वर्षानुवर्षं चालत आलेली ‘तूप बंद, मीठ बंद, गोड बंद’ ही पथ्यं अजून खरंच लागतात का, हे डॉक्टरांना विचारा. बेचव जेवणामुळे माणूस जेवणच सोडतो.

हे करूनही खाणं कमी पडत असेल, तर प्रोटीन पावडर उपयोगी ठरते. मात्र डब्यावरचा तक्ता वाचा. एका मात्रेत प्रथिनं किती आणि साखर किती, हे दोन आकडे पुरेत. चॉकलेटी चवीच्या काही पावडरींत प्रथिनांपेक्षा साखर जास्त असते. पावडर जेवणाऐवजी देऊ नका, दोन जेवणांच्या मधे द्या. पिताना ठसका लागत असेल तर पातळ पेय देण्याआधी डॉक्टरांना दाखवा, घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रथिनांचा स्नायू व्हायचा तर हालचाल हवीच. हात असलेल्या, न सरकणाऱ्या खुर्चीतून आठ-दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा, कुणीतरी शेजारी उभं राहून. नव्वदीच्या माणसाच्या मांड्यांनाही यातून ताकद येते.

बुद्धीच्या गोळ्यांचं वास्तव

स्मरणशक्ती वाढवण्याच्या जाहिराती सर्वांत मोठ्या आवाजात असतात, आणि पुरावा सर्वांत अशक्त तिथेच आहे.

गिंको बिलोबाची चाचणी अमेरिकेत पंच्याहत्तरीपुढच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झाली. सुमारे सहा वर्षं रोज दोनदा १२० मिलिग्रॅम दिलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. उलट ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असताना गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ओमेगा-३च्या कॅप्सूलनी स्मरणशक्ती टिकते, हेही मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं नाही. ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत ‘मेंदूसाठी’ घेऊ नये. रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग वाढल्याचं २०११ मध्ये दिसलं.

साध्या मल्टिव्हिटॅमिनबद्दल थोडी आशादायक माहिती आहे. अमेरिकेतल्या ‘कॉसमॉस’ चाचण्यांत साठीपुढच्या लोकांच्या स्मरणशक्तीत छोटासा फायदा आढळला. त्यांचं सरासरी वय सत्तरीच्या आसपास होतं, त्यामुळे तोच फायदा नव्वदीत मिळेल असं गृहीत धरता येत नाही. तरी खाणं अगदी कमी असलेल्या वृद्धाला साध्या मात्रेची एक मल्टिव्हिटॅमिन गोळी देणं रास्त आहे. ‘हाय पोटेन्सी’ची गरज नाही.

ब्राह्मीवर लहान चाचण्या झाल्या आहेत आणि काहींत स्मरणाच्या कसोट्यांमध्ये थोडी सुधारणा दिसली. पण त्या बऱ्याचशा निरोगी माणसांवर होत्या. बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, खरी ब्राह्मी आणि मंडूकपर्णी, त्यामुळे बाटलीत नेमकं काय आहे ते लेबलवर बघा. अश्वगंधा थायरॉइडच्या पातळीत बदल घडवू शकते, झोपेच्या औषधांची गुंगी वाढवू शकते आणि क्वचित यकृताला इजा करते. च्यवनप्राशात साखर भरपूर असते, मधुमेह असेल तर मोजूनच घ्या.

भस्म असलेली ‘शक्तिवर्धक’ औषधं अनोळखी विक्रेत्याकडून किंवा इंटरनेटवरून कधीही मागवू नका. अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हे निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. शिसं आणि पारा मेंदूलाच अपाय करतात. आयुर्वेदिक उपचार हवे असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडे जा आणि चालू असलेली ॲलोपॅथीची औषधं त्यांनाही दाखवा.

‘ताकदीचं सलाइन’

अशक्तपणा आला की ‘एक सलाइन लावा’ असा आग्रह गावात आणि शहरातही होतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे शंभराच्या आत उष्मांक. एका पोळीतूनही तेवढी ऊर्जा मिळते. मिठाच्या सलाइनमध्ये तर उष्मांकच नसतात, अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ मात्र असतं. ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्याला त्याने धाप लागू शकते. शरीरात पाणी खरोखर कमी झालं असेल, उलट्या-जुलाब असतील, तोंडाने घेताच येत नसेल, तर सलाइन जीव वाचवतं. ताकदीसाठी मात्र ते नाही. ज्यांच्यावर पाण्याचं बंधन नाही त्यांना दिवसभरात सहा-सात पेले पाणी, ताक, सार, कढण आठवणीने द्या. वृद्धांना तहान लागल्याचं उशिरा कळतं.

देताना पाळायचे नियम

एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. चार गोळ्या एकदम दिल्या तर कशाने बरं वाटलं आणि कशाने पोट बिघडलं, कळणार नाही.

सुरू करण्याआधी वहीत तीन साध्या गोष्टी लिहा: आज किती वेळ आधाराशिवाय चालता येतं, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, आवडीचं काम किती वेळ जमतं. ते काम कोणतं हे आजी-आजोबांनाच विचारा. कुणाला उभ्याने देवपूजा करायची असते, कुणाला शब्दकोडं सोडवायचं असतं, कुणाला नातवाच्या लग्नाला गाडीने जायचं असतं. तीन महिन्यांनी वही पुन्हा पाहा. उणीव भरून काढण्यासाठी दिलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवा. ‘बघू या’ म्हणून सुरू केलेल्या गोळीने काहीच फरक नसेल तर ती थांबवा.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर ठेवा. वॉरफरिन घेणाऱ्यांनी कोणतंही नवं पूरक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असलेली पूरकं साचून धोका होतो. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का, मुदत संपलेली नाही ना, हे बघा. पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर ते औषधी उपयोगासाठी नसल्याचं छापलेलं असतं. विक्रेता मात्र ‘स्मृतिभ्रंश बरा होतो’ म्हणत असेल, तर तिथून उठा.

गोळीत न मावणारं

मेंदू चालता राहायला त्याला बाहेरून काहीतरी मिळत राहावं लागतं. ज्याला ऐकू येत नाही तो गप्पांतून बाहेर पडतो, आणि घरचे त्याला ‘विसरायला लागले’ म्हणतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत सत्तरी ते चौऱ्याऐंशीच्या लोकांना श्रवणयंत्रं दिली. सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तेव्हा फरक दिसला नाही, पण ज्यांना बुद्धी मंदावण्याचा धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली. कोणत्याही कॅप्सूलला अजून एवढं जमलेलं नाही. कानातला मळ काढून घेणं, श्रवणयंत्राची बॅटरी बदलणं, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, बरोबर नंबरचा चष्मा, नीट बसणारी कवळी, सकाळचं ऊन, रात्रीची झोप आणि दिवसातून एकदा तरी कुणाशी मनासारखं बोलणं यांचा खर्च पूरकांच्या डब्यांच्या पंक्तीत मांडून बघा.

या आठवड्यात एवढं नक्की करा. औषधांचा डबा जमिनीवर ओता, प्रत्येक गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत हे लिहून काढा, ज्यांचं उत्तर सापडत नाही त्या वेगळ्या ठेवा, आणि पुढच्या भेटीला ती यादी व आजी-आजोबा या दोघांनाही डॉक्टरांकडे घेऊन जा. बी-१२ आणि सोडियम तपासून घ्या, उद्यापासून वरण घट्ट करा. नव्या गोळीचा विचार त्यानंतर करा.